वर्षाला तीन सिलिंडर: कोरडवाहू घरातल्या चुलीचा आणि गॅसचा हिशेब

गॅस कनेक्शन आहे आणि चूलही रोज पेटते, अशी घरे विदर्भाच्या कापूसपट्ट्यात गावोगाव आहेत. सरकारी नोंदीत हे घर 'स्वच्छ इंधनाचे', पण शेजारणीला विचारले तर ते 'चुलीवालं घर'. दोन्ही म्हणणी खरी आहेत. गॅसची शेगडी घरात येऊनही गॅसची मागणी का वाढत नाही, हे या प्रकरणात एका घराच्या कामांवरून, महिन्यांवरून आणि हाती येणाऱ्या पैशांवरून तपासले आहे. घर नमुन्याचे आहे. यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यातली नेहमीची परिस्थिती एका घरात बसवली आहे. पुढचे आकडे ही गृहीतके आणि त्यांवरून केलेला हिशेब आहे. आपल्या गावचे आकडे घालून तो कोणालाही पुन्हा करता येईल.

घर

माणसे सहा: नवराबायको, सासू, तीन मुले. जमीन चार एकर, सगळी पावसावर. त्यातली अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर, पऱ्हाटी (कपाशी), मधे तुरीची तासे, उरलेल्या जमिनीत सोयाबीन. एक बैलजोडी, एक गाय. टिनाच्या छपराचे दोन खोल्यांचे घर, त्यातल्या मागच्या खोलीत मातीची दोन तोंडांची चूल. पुढच्या तोंडावर तवा, मागच्या वैलावर वरणाचा गंज. भिंत छातीपर्यंत काळी. चुलीशेजारी जमिनीवरच गॅसची दोन बर्नरची शेगडी. कनेक्शन उज्ज्वलाचे, घरच्या बाईच्या नावावर, एकाच सिलिंडरचे.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. आठ कोटी जोडण्यांचा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ रोजी पूर्ण झाला, आणि त्या टप्प्याची जोडणी महाराष्ट्रातच, औरंगाबादेत दिली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिला भरलेला सिलिंडरही फुकट होता. म्हणजे 'शेगडी परवडत नाही' ही अडचण बऱ्याच अंशी मिटली. पण उज्ज्वलाच्या घरांचा सरासरी वापर २०१९-२० मध्ये वर्षाला ३.०१ सिलिंडर होता आणि २०२४-२५ मध्ये तो ४.४७ पर्यंत आला. सहा माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायला वर्षाला नऊ सिलिंडर लागतात. उरलेला स्वयंपाक कशावर होतो, हे घराघरातल्या काळ्या भिंती सांगतातच.

आपले हे घर तीनवर अडकलेले आहे.

तीनच का येतात

घरगुती शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण १५० ते २०० ग्रॅम गॅस खातो. त्यावरून एका दिवसाची कामे मोजू.

दोन वेळचा चहा आणि दूध मिळून ४० ग्रॅम. सकाळ-संध्याकाळची भाजी किंवा पिठले आणि कुकरमधले वरण मिळून ८० ग्रॅम. दोन्ही वेळच्या भाकरी-पोळ्या: वेळेला पंधरा-अठरा नग, एकाला दोन मिनिटे, थोडा वेळ तवा तापायला, असे दिवसाला २३० ग्रॅम. एकूण ३५० ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर या दराने चाळीस दिवस पुरतो, म्हणून वर्षाला नऊ.

या घरात गॅसवर फक्त चहा आणि भाजी-वरण होते, भाकरी चुलीवर. म्हणजे दिवसाला १२० ग्रॅम. सिलिंडर ११८ दिवस चालतो आणि वर्षाला तीन लागतात. याला आळस किंवा अज्ञान म्हणण्यात अर्थ नाही. घराने कामांची नीट वाटणी केली आहे: झटपट कामे गॅसवर, जास्त वेळ जाळ लागणारी चुलीवर. पाहुणा आला की गॅस, पावसात जळतन ओले झाले की गॅस, बाळंतिणीला रात्री पाणी गरम करायचे तर गॅस. गॅस नकोसा मुळीच नाही. तो फक्त ठरावीक कामांना हवा आहे.

आता अंघोळीचे पाणी. सर्वेक्षणांत हा प्रश्न 'स्वयंपाकाचे इंधन कोणते' या एका रकान्यात हरवतो, म्हणून तो नीट पाहू. थंडीत सहा माणसांना माणशी १५ लिटर, म्हणजे ९० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे तर साधारण ९.४ मेगाज्यूल उष्णता पाण्यात जावी लागते. गॅसची साठ टक्के उष्णता भांड्यात गेली असे धरले, तर रोज ३४० ग्रॅम गॅस. म्हणजे अंघोळीच्या पाण्याला जवळजवळ सगळ्या स्वयंपाकाइतका गॅस लागतो, महिन्याला पाऊण सिलिंडर नुसता न्हाणीत जातो. हे गॅसवर करणारे घर गावात सापडणे कठीण, आणि करावे असा आग्रह धरणेही चुकीचे. चूल बंद होत नाही याचे मोठे कारण हे पाणी आहे. आणि पाण्यासाठी पहाटे चूल पेटलीच आहे, निखारे पडलेच आहेत, तर भाकरी त्यावरच होणार.

जळतनाची किंमत

मातीच्या साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला मिळते. वाळलेल्या लाकडात किलोला १६ मेगाज्यूल धरले तर हाती दोनच्या आसपास येतात. एका सिलिंडरातून शेगडीवर सुमारे ३९० मेगाज्यूल कामी येतात. म्हणजे एक सिलिंडर दोन क्विंटल वाळलेल्या जळतनाच्या बरोबरीचा. हा आकडा बायांना पटकन पटतो, कारण दोन क्विंटल म्हणजे डोक्यावरून किती मोळ्या हे त्यांना माहीत असते.

हेक्टरभर कापसाची वाळलेली पऱ्हाटी दोन ते तीन टन निघते. घराला भाकरी आणि पाणी मिळून दिवसाला सरासरी सात किलो, म्हणजे वर्षाला अडीच टन जळतन लागते. शेतातली पऱ्हाटी, बांधावरच्या तुराट्या आणि गोवऱ्या एवढ्यात वर्ष निघते. जळतन विकत घ्यावे लागत नाही, म्हणून गॅसच्या नऊशे रुपयांची तुलना घरात शून्याशी होते. पऱ्हाटी चिमट्याने उपटणे, मोळ्या बांधणे, बैलगाडीने आणून रचणे ही मेहनत आहे. पण ती फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तेव्हा शेतात दुसरे काम थोडे असते आणि मजुरीचा दिवस बुडत नाही. वेचणीच्या दिवसांत मात्र हिशेब उलटतो. बाई किलोवर कापूस वेचते, तिचा एक तास म्हणजे रोख पैसे. तरी आधीच रचून ठेवलेली पऱ्हाटी दाराशी असते, त्यामुळे त्या महिन्यांतही गॅसचा वापर म्हणावा तेवढा वाढत नाही.

शेजारचे भूमिहीन घर याच गावात वेगळे वागते. त्याला पऱ्हाटी मागून आणावी लागते, नाहीतर बाभळीच्या काट्या तोडायला नाल्यापर्यंत जावे लागते. गॅसची गरज त्याला जास्त आहे, पण मजुरी रोजची आणि थोडीथोडी, एकदम नऊशे कधी जमत नाहीत. चंद्रपूरकडे ताडोबाच्या भोवतालच्या गावांत जळतनाला आणखी एक किंमत आहे. मोहफुले, तेंदूपत्ता आणि सरपण आणायला जंगलात गेलेल्या माणसांवर वाघांचे हल्ले होतात. तिथे वनविभागाने अनुदानावर गॅस दिला तो धुरापेक्षा जंगल आणि माणूस वाचवण्यासाठी. 'विदर्भातली मागणी' म्हणून एकच आकडा काढणाऱ्यांनी हे फरक आधी पाहावेत.

पऱ्हाटीच्या गंजीचा एक तोटा बाया सहसा धरत नाहीत, शेतकऱ्याने धरायला हवा. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस उद्ध्वस्त केला, त्यानंतर फरदड (हंगाम संपल्यावरही उभ्या पऱ्हाटीवर घेतलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा, न फुटलेल्या बोंडांसकट बांधावर किंवा घराशी रचून ठेवू नका, हा सल्ला दरवर्षी दिला जातो. कारण त्या बोंडांत अळी सुप्त राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. म्हणजे वर्षभराचे जळतन रचणे आणि पुढचा कापूस वाचवणे ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात. पर्याय दोन: बोंडे झोडून, वेचून जाळून मग काटक्या रचायच्या, नाहीतर पऱ्हाटी यंत्राने बारीक करून शेतात गाडायची. यंत्र शेतात आले की चुलीचे जळतन संपते. पऱ्हाटी दाबून केलेल्या कांडीकोळशाला गिऱ्हाईक लागले तरी तेच होते: फुकटच्या जळतनाला भाव येतो. आमच्या मते या पट्ट्यात गॅसची मागणी पुढे सरकेल ती धुराच्या जाहिरातींपेक्षा या दोन गोष्टींनी.

पैसा आणि पाऊस उलट दिशेने

या घरात रोख पैसा ऑक्टोबरअखेर सोयाबीन विकल्यावर येतो, मग डिसेंबर ते फेब्रुवारी कापसाचा. जूनमध्ये बियाणे, खत, नांगरणी-वखरणी यांत सगळा जातो. जुलै ते सप्टेंबर घरात उधारी चालते. मुलांच्या शाळेचे, कपड्यांचे पैसेही त्याच सुमाराचे.

आता इंधनाची बाजू. फेब्रुवारी ते मे जळतन भरपूर आणि कडक वाळलेले, चूल चांगली पेटते, दारे उघडी, धूर कमी. जुलै ते सप्टेंबर पऱ्हाटी भिजलेली, गोवऱ्या ओलावलेल्या, फुंकणीने फुंकून बाईचे डोळे सुजलेले, पावसामुळे दार लोटलेले. गॅस सर्वांत जास्त हवा तो याच तीन-चार महिन्यांत, आणि नऊशे रुपये नेमके याच महिन्यांत नसतात. वर्षाची सरासरी काढली की हा पेच दिसत नाही. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या गॅसविक्रीच्या नोंदी अभ्यासल्या तेव्हा उज्ज्वलाच्या ग्राहकांनी पहिल्या वर्षी सरासरी २.३ सिलिंडर घेतल्याचे दिसले आणि खरेदीचा चढउतार शेतीच्या हंगामाशी जुळत होता. तिथे उन्हाळ्यात, हाती काम आणि पैसा नसताना, खरेदी घटत होती. आपल्याकडे कोरडवाहू कापसाचे वेळापत्रक वेगळे, म्हणून महिने वेगळे, कारण तेच.

दुसरा पेच सब्सिडीचा. उज्ज्वलाच्या सिलिंडरला मे २०२२ पासून २०० आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये मिळू लागले. पण ते मागाहून खात्यात येतात, गाडीवाल्याला पूर्ण रक्कमच मोजावी लागते. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर सिलिंडरचा दर दिल्लीत ८५३ रुपये झाला, विदर्भात वाहतुकीमुळे त्याहून थोडा जास्त. हिशेबाला ९०० धरू. कागदावर सिलिंडर सहाशेला पडतो, पण बाईच्या लेखी तो नऊशेचाच राहतो. कारण पैसे आधार ज्या खात्याला शेवटी जोडले त्या खात्यात जातात. ते खाते बचत गटाचे कर्ज घेताना उघडलेले, तालुक्याच्या बँकेतले, पासबुक दोन वर्षे न भरलेले. तीनशे आले हे कळतच नाही, आणि न कळलेली सूट मागणी वाढवत नाही. उपाय साधा आहे, बँकमित्राकडे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते एकदा पाहायचे आणि पासबुकात मागच्या तीन सिलिंडरांची सब्सिडी शोधून दाखवायची. सब्सिडी अडकली असेल तर बहुतेक वेळा ई-केवायसी राहिलेले असते. ते एजन्सीत बोट लावून होते.

राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत २०२४ पासून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत, त्याचेही पैसे खात्यात. तीन हा आकडा लक्षात घ्या. हे घर वर्षाला तीनच घेत होते. आता तेच तीन फुकट पडले. बाईचे अठराशे रुपये वाचले ही चांगलीच गोष्ट, पण चूल तेवढीच पेटली. फुकटचे तीन हे आधीच्या तिनांवर भर पडावेत यासाठी चौथा सिलिंडर कोणत्या कामाला आणि कोणत्या महिन्यात, हे ठरलेले हवे. कनेक्शन पुरुषाच्या नावावर असेल तर आधी ते बाईच्या नावावर करून घ्यावे लागते, कारण मोफत सिलिंडर कनेक्शन बाईच्या नावावर असेल तरच मिळतात.

निर्णय कोणाचा

कापूस नवरा विकतो, पैसे त्याच्या हाती येतात. धूर बाई घेते. बांगलादेशातल्या अभ्यासांत सुधारित चुलींना मागणी फारच कमी निघाली, आणि बायांची इच्छा असूनही खरेदीचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता असे दिसले. आपल्याकडे सिलिंडरचा नंबर लावायचा मोबाइलही नवऱ्याचा, पोच घेताना सांगायचा कोड त्याच्याच मोबाइलवर, आणि गाडी येते तेव्हा तो शेतात. गाडी परत जाते, मग तीस किलोचा भरलेला सिलिंडर मोटारसायकलवर बांधून आणायला त्याचीच सवड पाहावी लागते. सिलिंडर संपल्यापासून नवा येईपर्यंत दहा-बारा दिवस सहज जातात, तेवढ्यात सगळे काम चुलीवर परतते आणि नंबर लावायची घाई संपते.

जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे महिन्याला १,५०० रुपये बाईच्या खात्यात येतात. नवऱ्याला न विचारता मोजता येईल अशी रक्कम घरात आली, म्हणून रिफिलचा निर्णय तिच्याकडे सरकायला जागा झाली. पहिले काम मोबाइल नंबर बदलण्याचे: एजन्सीत बाईचा किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा नंबर नोंदवावा.

भाकर

गॅसवरची भाकर गोड लागत नाही, असे सासू म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. चुलीवर तव्याखाली आच सगळीकडे सारखी असते आणि शेवटी भाकर निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवतात. गॅसच्या बर्नरची ज्योत गोल कड्यासारखी. हलका तवा त्या कड्यावर जळतो, काठ कच्चे राहतात. यावर तीन गोष्टी चालतात. तवा जाड घ्यावा, बिडाचा किंवा चार-पाच मिलिमीटर लोखंडाचा. तो मोठ्या बर्नरवर तीन-चार मिनिटे मध्यम आचेवर तापू द्यावा, पूर्ण आचेवर नाही. भाकर पाणी लावून उलटली, दुसरी बाजू झाली की तवा उतरवून जाळीवर थेट ज्योतीवर अर्धा मिनिट फुगवावी. रोडगे, मटक्यावरच्या लांब पोळ्या, हुरडा ही कामे गॅसची नाहीत, ती अंगणातच राहू द्यावीत. वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी भांडण नको.

त्याहून मोठी अडचण बसण्याची आहे. बाई जमिनीवर बसून परातीत भाकर थापते आणि हात लांबवून चुलीवर टाकते. गॅससाठी उभे राहावे लागते, थापायला खाली बसावे लागते, दर भाकरीला ऊठबस. म्हणून शेगडी जमिनीवर येते, सिलिंडर तिच्या शेजारी, आणि ते धोक्याचे आहे. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच असायला हवी, आणि गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, तिथेच दोन हातांवर चुलीचे निखारे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच विटांचा ओटा, वर शहाबादी फरशी, एवढे काम झाले की थापणेही ओट्यावरच होते. आमच्या अनुभवाने ओटा नसलेल्या घरात भाकर गॅसवर येत नाही, मग कितीही सब्सिडी द्या.

ओट्याबरोबर शेगडीची निगा. ज्योत पिवळी, भांडी काळी होऊ लागली तर जेटमध्ये कचरा आहे किंवा हवेचे छिद्र बुजले आहे. बर्नरचे झाकण धुऊन वाळवावे, भोके सुईने मोकळी करावीत. चुलीच्या खोलीत राख उडते, म्हणून हे महिन्यातून एकदा. नळी साधी हिरवी रबरी असेल तर उंदीर कुरतडतात. तार घातलेली नारिंगी सुरक्षा नळी घ्यावी आणि तिच्यावर छापलेल्या मुदतीत, पाच वर्षांत, बदलावी. सिलिंडर घेताना कड्यावर आतून लिहिलेले तपासणीचे वर्ष पाहावे: ए म्हणजे जानेवारी-मार्च, बी एप्रिल-जून, सी जुलै-सप्टेंबर, डी ऑक्टोबर-डिसेंबर, पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ती तिमाही उलटून गेली असेल तर सिलिंडर परत. वर कोरलेल्या रिकाम्या वजनात १४.२ मिळवून गाडीवाल्याच्या काट्यावर वजन करून घ्यावे. तोंडातली रबरी रिंग आहे का ते पाहावे आणि साबणाच्या फेसाने गळती तपासावी. काडी ओढून कधीच नाही. गळती असेल तर १९०६ वर फोन करावा.

दुसऱ्या वाटा, थोडक्यात

सुधारित चुली इथे नव्या नाहीत. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या चुली गावोगाव बसल्या, कार्यक्रम २००२ मध्ये गुंडाळला. धुराडे पंधरा दिवसांनी झाडले नाही तर काजळीने बुजते आणि धूर खोलीत परततो, टिनाच्या छपरातले भोक पावसात गळते, माती भेगाळली की ओढ जाते. ओडिशातल्या दीर्घ अभ्यासातही पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे दुरुस्ती आणि वापर सुटल्यावर फायदा उरला नाही. पंख्याने हवा देणाऱ्या लाकडाच्या शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकाप्रमाणे किमान ३५ टक्के हवी, पंख्याविना आपोआप हवा ओढणाऱ्या शेगडीची २५. कागदावर जळतन निम्म्याहून कमी लागते. पण पंख्याच्या शेगडीला दोन-तीन इंचांचे तुकडे लागतात, आणि पऱ्हाटी कोयत्याने तोडत बसायला सकाळी पाचला वेळ नसतो. लांब काडी घातली की शेगडी कलंडते.

गोबरगॅस कागदावर उत्तम बसतो. पंचवीस किलो शेणापासून दिवसाला एक घनमीटर वायू, जो सिलिंडरच्या गॅसच्या ४३०-४५० ग्रॅमच्या बरोबरीचा, म्हणजे सगळा स्वयंपाक. पण तीन ढोरे दिवसा शेतात असतात, अर्धे शेण तिथेच पडते, आणि रोज तेवढेच पाणी कालवायचे. मे महिन्यात टँकरची वाट पाहणारे घर शेणात पाणी ओतत नाही. ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली की गोबरगॅसचा डोम कोरडा. गोठ्यात बांधून ठेवलेली चार-पाच जनावरे आणि विहीर असेल तर मात्र आधी हाच पर्याय धरावा. इंडक्शनला घरातली भांडी आडवी येतात, जर्मनचे (ॲल्युमिनियमचे) गंज त्यावर तापत नाहीत, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडते तीच वेळ भाकरीची.

तीनवरून सहावर

नऊचा आग्रह न धरता या घरासाठी सहाचा आराखडा मांडता येतो. जून ते सप्टेंबर सगळा स्वयंपाक गॅसवर: १२० दिवस, ३५० ग्रॅमने ४२ किलो, म्हणजे तीन सिलिंडर. ऑक्टोबर ते जानेवारी चहा, भाजी-वरण आणि संध्याकाळची भाकर गॅसवर, सकाळची पाण्याच्या चुलीवर: दिवसाला २३५ ग्रॅम, २८ किलो, दोन सिलिंडर. फेब्रुवारी ते मे आजच्यासारखेच: एक सिलिंडर. संध्याकाळची भाकर निवडली, कारण तेव्हा मुले चुलीपाशी अभ्यासाला बसतात आणि थंडीत दारे लोटलेली असतात.

पाण्याची चूल बंद न करता घराबाहेर न्यावी. न्हाणीजवळ, छपराखाली, वाऱ्याच्या बाजूला तोंड न करता. शक्य असेल तर मधून धुराची नळी असलेला बंब घ्यावा, उघड्या गंजापेक्षा त्याला जळतन कमी लागते. गावच्या इतर चुलींचा धूर घरात येतच राहतो, पण भाकरीच्या वेळी तोंडापुढे धूर नसणे हा मोठा फरक आहे.

खर्च: सहा सिलिंडर नऊशेने ५,४०० रुपये, सब्सिडीचे १,८०० वजा करून ३,६००. त्यातले तीन अन्नपूर्णेत बसले तर वर्षाचे स्वतःचे १,८००. रक्कम अवघड नाही, जून ते सप्टेंबरचे तीन अवघड आहेत, म्हणून ती सोय आधी हवी. दुसरा सिलिंडर घेऊन ठेवणे हा एक मार्ग, पण जून २०२२ पासून १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत २,२०० रुपये आहे. पाच किलोच्या सिलिंडरची १,१५०. भूमिहीन घरांनी पाच किलोचाच विचार करावा, रिफिलची रक्कम मजुरीच्या आठवड्यात बसते. दुसरा मार्ग गटाचा: बारा बायांनी महिन्याला दीडशे टाकले की १,८०० जमतात, त्यातून दर महिन्याला दोघींचे सिलिंडर भरतात, वर्षात प्रत्येकीचे दोन. आता यात चूक अशी होते की चिठ्ठी काढून क्रम लावतात, मग जुलैचा सिलिंडर ज्या घरी गोठा भरून सुके जळतन आहे तिथे जातो. क्रम गरजेने लावावा. जून ते ऑगस्टचे सहा सिलिंडर भूमिहीन आणि लहान मुले असलेल्या घरांना आधी, जमीनवाल्या घरांनी दिवाळीनंतरचे घ्यावेत. सोयाबीन विकल्यावर ज्यांना जास्त टाकता येते त्यांनी तेव्हा तीनशे टाकून पावसाळ्यात सूट घ्यावी.

नवा सिलिंडर लावला त्या दिवसाची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरवर करावी, सोबत भाकर गॅसवर की चुलीवर तेही. जूनमध्ये लावलेला सिलिंडर चाळीस दिवसांऐवजी सत्तर दिवस चालला तर गॅस वाचलेला नसतो, भाकर चुलीवर परत गेलेली असते. तेव्हा सब्सिडीची चौकशी करण्याआधी तवा, ओटा आणि बर्नरची ज्योत या क्रमाने पाहावे. आणि डिसेंबरमध्ये सिलिंडर वीस-पंचवीस दिवसांत संपू लागला तर अंघोळीचे पाणी गॅसवर तापते आहे. बहुधा बाहेरच्या चुलीवरचे छप्पर उडालेले असते किंवा जळतन भिजलेले.